कोंबड्यांच्या खाद्यात स्पिरुलिना: कुणी करावी, किती करावी आणि कुठे थांबावे



याच कार्यक्रमात मागे एकदा मी पाण्यातल्या शेवाळापासून कोंबड्यांचे खाद्य या विषयावर बोललो होतो. त्या भाषणात माझी एक चूक झाली. ती आधी सांगतो, मग पुढच्या गोष्टी.

मी त्या दिवशी सांगितले होते की स्पिरुलिना नावाचे हिरवे शेवाळ साचलेल्या पाण्यात वाढते, त्यात प्रथिने भरपूर असतात आणि कोंबड्या ते आवडीने खातात. यातला एकही शब्द खोटा नव्हता. पण कोणते हिरवे पाणी आणि कोणते नाही, हे सांगायचे राहून गेले. वेळ संपत आली होती, म्हटले पुढच्या वेळी सांगू. दीड महिन्याने एक मावशी टोपलीत मेलेली कोंबडी फडक्यात गुंडाळून घेऊन कार्यालयात आल्या. म्हणाल्या, "सायेब, तुमी रेडिओवर सांगतलं तसंच केलं मी." गावतळ्यावर उन्हाळ्यात हिरव्या रंगासारखा जो थर येतो, तो त्यांनी कपड्याने गाळून घेतला आणि कण्यांत कालवून चार दिवस कोंबड्यांना घातला. बावीसपैकी अकरा कोंबड्या गेल्या. पशुवैद्यकीय डॉक्टरांनी कोंबडी फाडून दाखवली. आतले काळीज सुजलेले आणि रक्ताने काळे पडलेले होते. मावशी मला एक शब्द वाईट बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरे वाटले असते.

तेव्हा पहिली गोष्ट ही. गावतळे, पाझर तलाव, जनावरांचे डबके, गटाराचे पाणी, यावरचा हिरवा थर कोंबड्यांना कधीही घालू नका. उन्हाळ्यात पाणी कमी झाले, त्यात शेणमूत आणि खताचे पाणी उतरले आणि वारा पडला, की मायक्रोसिस्टिस नावाचे शेवाळ वर येते. सकाळी पाहिले तर कुणीतरी हिरवा ऑइलपेंट सांडल्यासारखे दिसते. याचे विष थेट काळजावर जाते. ते पाणी उकळले तरी विष जात नाही, वाळवले तरी जात नाही. शेळ्या, वासरे, कुत्री हे पाणी पिऊनही दगावतात. डोळ्यांनी पाहून हे शेवाळ आणि स्पिरुलिना यांतला फरक ओळखता येईल असे कुणी म्हणत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. मलाही ओळखता येत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले म्हणजे कळते. स्पिरुलिना ही बारीक गुंडाळलेल्या तारेसारखी, स्प्रिंगसारखी दिसते. दुसऱ्यात गोल पेशींचे पुंजके दिसतात. म्हणून बियाणे, म्हणजे विरजण, हे कृषी विद्यापीठाच्या किंवा महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागातून तपासलेलेच घ्यायचे. आपल्या कृषी विज्ञान केंद्रात विचारले तर कुठे मिळेल ते सांगतात.

आता स्पिरुलिना म्हणजे काय ते थोडक्यात. ही खाऱ्या-सोड्याच्या पाण्यात वाढणारी निळी-हिरवी शेवाळाची जात. आफ्रिकेत चाड सरोवराच्या काठच्या बायका ती पिढ्यान्‌पिढ्या गाळून, वाळूवर वाळवून तिच्या वड्या करतात आणि कालवणात घालतात. त्या वडीला तिकडे दिहे म्हणतात. पूर्व आफ्रिकेतल्या सोड्याच्या तळ्यांवर लहान रोहित पक्ष्यांचे जे लाखालाखांचे थवे उतरतात, ते मुख्यतः हीच स्पिरुलिना खाऊन जगतात, आणि त्यांच्या पिसांचा गुलाबी रंगही खाण्यातल्या रंगद्रव्यांतून येतो. आपल्याकडे म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने आणि चेन्नईच्या मुरुगप्पा चेट्टियार संशोधन केंद्राने खेड्यात, लहान टाक्यांत ती कशी वाढवता येईल यावर बरीच वर्षे काम केले आहे. आणि लांब कशाला, आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारच्या खाऱ्या सरोवरात स्पिरुलिना असल्याचे अभ्यासकांनी नोंदवलेले आहे. जून २०२० मध्ये तेच पाणी गुलाबी झाले होते, तेव्हा सगळे पाहायला धावले. तो रंग मात्र मिठात वाढणाऱ्या दुसऱ्या सूक्ष्म जिवांचा होता. हे सांगण्याचे कारण एवढेच की लोणारहून कॅन भरून आणू असा बेत कुणी करू नये. ते अभयारण्य आहे, आणि त्या पाण्यात एक नाही, अनेक जाती एकत्र नांदतात.

वाळलेल्या स्पिरुलिनात शंभरात पंचावन्न ते पासष्ट भाग प्रथिने असतात. सोयाबीनच्या पेंडीत साधारण पंचेचाळीस, मक्यात नऊ. एवढे आकडे ऐकले की माणूस हुरळतो. मीही हुरळलो होतो. सन २०२१ च्या ऑगस्टात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेले, पेंड कुक्कुटपालकांच्या हाताबाहेर गेली आणि केंद्र सरकारला बारा लाख टन पेंड बाहेरून आणण्याची परवानगी द्यावी लागली. त्या वेळी जो तो विचारत होता, पेंडीला पर्याय काय? पुढे २०२४ मध्ये सरकारी हमीभाव ४,८९२ रुपये असताना बाजारात सोयाबीन त्याच्याही खाली विकले गेले. पेंडीचा भाव असा वरखाली होत राहणार. म्हणून हिशेब करताना आजचा भाव आपल्या तालुक्यात विचारून घ्या. मी समजण्यासाठी किलोला ४० रुपये धरतो.

हिशेब असा. घरगुती टाकीत एका चौरस मीटर पाण्यातून दिवसाला चार ते पाच ग्रॅम वाळलेली स्पिरुलिना निघते. चांगल्या हाताला, चांगल्या हंगामात सात ग्रॅमही निघते, पण ते आपण धरायचे नाही. म्हणजे दहा चौरस मीटरची टाकी, जी आपल्या ओसरीएवढी होते, ती दिवसाला पन्नास ग्रॅम देईल. त्यात प्रथिने तीस ग्रॅम. तेवढीच प्रथिने ६५-७० ग्रॅम पेंडीत मिळतात. ४० रुपये भावाने ती पेंड होते पावणेतीन रुपयांची. एवढी मोठी टाकी, दिवसातून चारदा ढवळणे, रोज सकाळी गाळणे, आणि हाती पावणेतीन रुपये! तेव्हा कुणी तुम्हाला सांगत असेल की स्पिरुलिनाच्या टाक्या बांधा, पेंड विकत घेणे बंद करा, आम्ही माल परत विकत घेऊ, तर त्याच्यापुढे हा हिशेब ठेवा आणि मग तो काय बोलतो ते ऐका. हजार-पाचशे पक्ष्यांची शेड असणाऱ्याने पेंडीऐवजी म्हणून या वाटेला जाऊ नये, हे माझे स्पष्ट मत आहे.

मग हे भाषण कशाला, असे तुम्ही विचाराल. कारण एका ठिकाणी हा डाव बसतो, आणि ते ठिकाण म्हणजे पिल्ले.

परसातली कोंबडी दिवसभर उकिरडा उकरते, किडे-वाळवी टिपते, स्वतःची प्रथिने स्वतः शोधते. पिल्लाला ते साधत नाही. घरोघरी काय होते? खुडूक कोंबडीखाली बारा पिल्ले निघतात आणि महिन्या-दोन महिन्यांत चार-पाच उरतात. काही घार-मांजर नेते, काही मानमोडीने जातात, त्याला लसच पाहिजे, तिथे शेवाळ कामाचे नाही. पण बरीच पिल्ले नुसत्या कण्या आणि भाकरीच्या चुऱ्यावर वाढतात, खुरटतात, आणि पहिल्या गारठ्यात नाहीतर पहिल्या रोगात जातात. पिल्लाच्या खाद्यात शंभरात वीस भाग प्रथिने लागतात. कण्यांत त्याच्या निम्मीही नसतात. वीस पिल्ले पहिल्या सहा आठवड्यांत सरासरी दिवसाला अर्धा किलो खाद्य खातात. त्यात शंभराला पाच या प्रमाणात स्पिरुलिना घालायची तर पंचवीस ग्रॅम पुरते. म्हणजे पाच चौरस मीटरची टाकी झाली. हे एका घराला झेपते. पण याने पेंड सुटत नाही हे लक्षात ठेवा. शेंगदाण्याची किंवा सोयाबीनची थोडी पेंड त्या खाद्यात पाहिजेच. स्पिरुलिनाने उरलेली तूट भरते आणि जीवनसत्त्वे व लोह मिळते.

शंभराला पाच यापेक्षा जास्त घालू नये. पुष्कळांना वाटते, चांगले आहे तर दुप्पट घालू. प्रयोगांत असे दिसले आहे की शंभराला दहा-पंधरावर गेले की पिल्लांची वाढ उलट मंदावते. आतड्यात ते चिकट होऊन बसते आणि पचत नाही.

टाकीचे आता नीट ऐका. अडीच मीटर लांब, दोन मीटर रुंद, एक फूट उंच. विटा मांडून आत जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरला तरी चालते. नवीन कागद घ्या, खताच्या किंवा औषधाच्या पिशव्या शिवून केलेला नको. पाणी एका वितीला चार बोटे कमी, म्हणजे पंधरा सेंटिमीटर. एवढ्या टाकीत साडेसातशे लिटर पाणी बसते. यात खाण्याचा सोडा सहा किलो, खडे मीठ पावणेचार किलो, पोटॅशियम नायट्रेट दीड किलो, मोनो अमोनियम फॉस्फेट ७५ ग्रॅम, एप्सम मीठ १५० ग्रॅम. ठिबकवाल्यांना यांतली दोन नावे पाठ आहेत: तेरा-शून्य-पंचेचाळीस आणि बारा-एकसष्ट-शून्य. पूर्ण विरघळणारे, ठिबकचे, बंद पिशवीतलेच घ्यायचे. गोणीतले दाणेदार मिश्रखत घातले तर टाकी बिघडते. युरियाही घालू नका. शेतीचा युरिया २०१५ पासून सगळा कडुनिंबाचे तेल लावलेला येतो, आणि ते तेल या पाण्याला नको. शेवटी हिराकस पाच ग्रॅम, एका लिंबाच्या रसात आणि कपभर पाण्यात विरघळवून. हिराकशीची चिमूट जास्त पडली तर फायदा काही नाही, पाणी मात्र गढूळ होते.

पाण्याविषयी एक अडचण आपल्या भागात हमखास येते. बोअरचे पाणी जड असते. सोडा टाकताच ते दुधासारखे पांढरे होते आणि खाली चुन्याचा साका बसतो. असे झाले तर घाबरू नका. पिंपात सोडा घालून रात्रभर ठेवा, सकाळी वरचे निवळ पाणी घ्या, साका टाकून द्या, मग बाकीची खते घाला. पावसाचे साठवलेले पाणी असेल तर त्याहून चांगले. तांब्याची भांडी आणि ॲल्युमिनियमची घमेली या कामाला वापरू नयेत.

विरजण पाच-दहा लिटरच्या कॅनमध्ये मिळते. ते एकदम मोठ्या टाकीत ओतले तर ऊन लागून पांढरे पडते. आधी सावलीत, बादलीत तेवढेच तयार पाणी घालून दुप्पट करायचे. तीन-चार दिवसांनी पुन्हा गडद झाले की पुन्हा दुप्पट. दही वाढवत नेतो तसेच. सहा-सात वेळा दुप्पट झाले म्हणजे टाकी भरते. तीन आठवडे लागतात. घाई करणारे इथेच फसतात.

दिवसातून चार वेळा तरी स्वच्छ झाडूने किंवा लाकडी वल्ह्याने टाकी हळू ढवळा. न ढवळल्यास वर तवंग धरतो आणि खालचे अंधारात राहते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात टाकीवर हिरवी जाळी नाहीतर तुराट्यांचा मांडव पाहिजेच. पाणी अडतीस अंशांच्या वर गेले की स्पिरुलिना मरायला लागते, आणि उथळ पाणी उन्हात किती तापते ते उघड्यावरच्या हौदात हात घालून पाहा. डिसेंबर-जानेवारीत उलटे होते. पाणी वीस अंशांखाली गेले की वाढ जवळजवळ थांबते. त्या दिवसांत काढणी बंद ठेवावी. पावसाळ्यात वर प्लॅस्टिकचे छप्पर नसेल तर पाऊस सोडा पातळ करतो आणि दुसरी शेवाळे शिरतात. पाण्याचा सामू कागदाच्या पट्टीवर साडेनऊ ते साडेदहा दाखवत असेल तर दुसऱ्या फारशा कुणाला तिथे राहवत नाही. नऊच्या खाली आला की सावध व्हा. स्पिरुलिनाची खरी राखण हा सोडाच करतो.

काढणी केव्हा करायची? काठीच्या टोकाला पांढरी बशी बांधा आणि पाण्यात खाली न्या. दोन बोटांवर बशी दिसेनाशी झाली की पीक तयार. चार बोटांवर दिसायला लागली की काढणी थांबवा, बाकीचे बियाण्याला राहू द्या. सकाळी लवकर काढावे. आधी मच्छरदाणीच्या कापडातून गाळून माश्या, अळ्या, पालापाचोळा वेगळा करा, मग घट्ट विणीच्या टेरिकॉटच्या कापडातून गाळा. खाली येणारे पाणी पुन्हा टाकीत, ते फुकट घालवू नका, त्यात तुमच्या सोड्याचे पैसे आहेत. कापडातला गोळा पाट्याखाली दाबून पाणी काढा. हा ओला गोळा पाच भाग असेल तर त्यात वाळलेला माल एक भाग धरा. वीस पिल्लांना सव्वाशे ग्रॅम ओला गोळा झाला.

वाळवण्याच्या भानगडीत पडू नका. वाळवण्यात निम्मे कष्ट आणि थोडेसे सत्त्व जाते. ओला गोळा तसाच भरड्यात कुस्करून सकाळीच घाला, आणि तासाभरात पिल्ले जेवढे संपवतील तेवढेच भिजवा. उरलेले ओले खाद्य दुपारपर्यंत आंबते, त्याला बुरशी येते. काढलेला गोळाही उन्हाळ्यात दोन तासांपलीकडे ठेवू नये. चांगल्या गोळ्याला वास जवळजवळ नसतो. कुजका वास आला, तर जीव कितीही तुटला तरी खड्ड्यात पुरा. पिल्ले चार दिवसांची झाल्यावर सुरुवात करावी, पहिला आठवडा निम्मेच घालावे.

जेवढा माल काढला तेवढे खत परत द्यावे लागते. सोपा मेळ असा: वाळलेल्या हिशेबाने जेवढे वजन काढले, तेवढ्याच वजनाचे तेरा-शून्य-पंचेचाळीस. दर किलोमागे बारा-एकसष्ट-शून्य पन्नास ग्रॅम आणि एप्सम तीस ग्रॅम. रोज तोलत बसू नका, आठवड्याचे एकदम द्या. उडून गेलेले पाणी दोन दिवसांनी भरा. हिरवा रंग पिवळट पडायला लागला तर नत्र कमी पडले किंवा ऊन जास्त झाले असे समजा.

पिल्ले मोठी झाली की टाकीचा माल अंड्यावरच्या कोंबड्यांना द्या. कोंबडीमागे वाळलेल्या हिशेबाने दिवसाला दीड-दोन ग्रॅम पुरतात. दोन आठवड्यांत अंड्यातला बलक गडद केशरी होतो आणि बाजारात गिऱ्हाईक ते पाहते. पण नुसत्या बलकाच्या रंगासाठी कुणी टाकी बांधू नये. दारात शेवगा असेल तर त्याचा पाला, बांधावर लसूणघास असेल तर मूठभर बारीक चिरून घाला, रंग तसाच येतो. कवचासाठी शिंपल्यांचा चुरा वेगळा द्यायलाच पाहिजे, शेवाळात तेवढा चुना नाही.

ॲझोलाविषयी बरीच पत्रे आली आहेत. ॲझोला हे शेवाळ नव्हे, पाण्यावर तरंगणारे नेचे आहे. त्याच्या पानाच्या पोकळीत ॲनाबीना नावाचे निळे-हिरवे शेवाळ राहते आणि हवेतले नत्र धरते. दोन मीटर बाय दोन मीटरच्या खड्ड्यात दहा-पंधरा किलो चाळलेली माती, दोन किलो शेण, तीस ग्रॅम सुपर फॉस्फेट आणि दहा सेंटिमीटर पाणी एवढ्यात ते होते. दिवसाला अर्धा किलो निघते. पण अर्धा किलो म्हणताना लक्षात ठेवा, त्यात चारशे पासष्ट-सत्तर ग्रॅम नुसते पाणी असते. एक किलो ॲझोला म्हणजे एक किलो पेंड असे जे सांगतात त्यांनी ते एकदा वाळवून तोलावे. तरी खर्च जवळजवळ नाही आणि बिघडले तर नुकसान नाही, म्हणून ज्यांना स्पिरुलिनाचा व्याप नको त्यांनी हे करावे. शेणाचा वास जाईपर्यंत तीनदा धुऊन मगच कोंबड्यांना घाला.

त्या मावशींचे सांगायचे राहिले. त्यांच्या अंगणात आम्ही पाच चौरस मीटरची टाकी केली. विरजण मी स्वतः तपासून आणले. पहिली टाकी मे महिन्यात उन्हाने गेली, जाळी एका बाजूने उडाली होती. दुसरी बसली. दोन खुडूक कोंबड्यांखालची एकोणीस पिल्ले त्यांनी त्यावर वाढवली, लस टोचली, सोळा राहिली. पेंड त्या अजून आणतात. गावातल्या बायका विरजण मागायला येतात तेव्हा मावशी आधी त्यांना तळ्यावर घेऊन जातात आणि "हे नाही" म्हणून तो थर दाखवतात, मग घरी आणून टाकी दाखवतात.

शेवटी एक. पीक कितीही चांगले आले तरी पाच-पाच लिटरचे दोन कॅन विरजण ओसरीत, उजेडात पण उन्हाबाहेर, झाकण सैल करून वेगळे ठेवा. रोज हलवा, महिन्याला निम्मे पाणी बदला. टाकी कधी ना कधी बिघडते, तेव्हा पुन्हा तालुक्याला खेप पडणार नाही. आपल्या शंका नेहमीप्रमाणे पत्राने या कार्यक्रमाकडे पाठवा. पत्रात टाकीचे माप आणि पाणी बोअरचे की विहिरीचे, एवढे आठवणीने लिहा.